तिकिटावरचे साडेतीन तास

समजा, दिल्लीहून पहाटे चार वाजता एक विमान निघाले आणि सोळा तास न थांबता उडत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. दिवस उन्हाळ्याचे असतील तर तेथील घड्याळात त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतील. तिकिटावर छापलेले असते एवढेच : प्रस्थान चार, आगमन साडेसात, तारीख तीच. मुलाने पाठवलेले तिकीट हातात घेऊन चष्मा पुसत आजोबांनी विचारले, ‘अहो, अमेरिका साडेतीन तासांवर आली की काय?’ तर त्यांचे काय चुकले? परतीचे तिकीट पाहिले की गोंधळ आणखी वाढतो. सकाळी दहाला निघायचे आणि पोहोचायचे दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला. जाताना साडेतीन तास, येताना साडेअठ्ठावीस!

कोडे सुटायला कठीण नाही. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते, हिवाळ्यात साडेतेरा तास. पॅसिफिक महासागरातील वाररेषा ओलांडली की तारीखही बदलते. घरच्या घरी हिशेब करायचा असेल तर एक सोपी युक्ती आहे. जाण्याचे आणि येण्याचे तिकिटावरचे तास एकत्र मिळवा. साडेतीन अधिक साडेअठ्ठावीस, बरोबर बत्तीस. जाताना घड्याळाने जेवढे तास लपवले तेवढेच येताना वाढवून दाखवलेले असतात, त्यामुळे बेरजेत ते कटून जातात. बत्तीसचे निम्मे सोळा, म्हणजे एका फेरीचे सरासरी तास.

पण ही झाली सरासरी. प्रत्यक्षात जायला आणि यायला सारखाच वेळ क्वचितच लागतो. अंतराचेही तेच आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को किती किलोमीटर, या प्रश्नाची गेल्या दहा वर्षांत अनेक उत्तरे मिळाली आहेत आणि ती सारीच खरी आहेत.

दोरा आणि पृथ्वीचा गोल

मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर पृथ्वीचा गोल असेल तर हातभर दोरा घ्या. एक टोक दिल्लीवर धरा, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा घट्ट ताणा. भिंतीवरचा सपाट नकाशा पाहून आपल्याला वाटते की पूर्वेला चीन, जपान आणि मग पॅसिफिक ओलांडून अमेरिका असा सरळ रस्ता असेल. ताणलेला दोरा मात्र उत्तरेकडे झेपावतो. तो तिबेट, सैबेरिया आणि उत्तर ध्रुवाजवळचा गोठलेला समुद्र ओलांडून अलास्काच्या बाजूने खाली उतरतो. हे अंतर भरते सुमारे १२,४०० किलोमीटर. पृथ्वी गोल आहे हे आपण शाळेत पाठ केलेले असते, पण त्याचा असा रोकडा अर्थ दोरा ताणल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को हेच माप सुमारे १४,००० किलोमीटर येते, मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५००.

कोणत्याही दोन विमानतळांमधले म्हणून जे अंतर सांगितले जाते ते या दोऱ्याचे. प्रवासी विमान मात्र दोऱ्यावरून जात नाही. दिल्लीच्या विमानाला तर पहिला अडथळा घरच्या उंबरठ्यावरच लागतो : हिमालय आणि त्यामागचे तिबेटचे पठार. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडते, मग डोंगराची भीती कशाला, असे कोणीही म्हणेल. भीती डोंगराला धडकण्याची नाही. काही बिघाड होऊन विमानातील हवेचा दाब गेला, तर वैमानिकाला विमान तातडीने सुमारे तीन किलोमीटर उंचीवर आणावे लागते, म्हणजे माणसांना नेहमीसारखा श्वास घेता येतो. डोक्यावरून खाली लोंबणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू साधारण पंधरा-वीस मिनिटेच पुरतो. आणि तिबेटची जमीनच सरासरी साडेचार किलोमीटर उंच आहे! खाली यायला जागाच नाही. म्हणून विमाने पठाराला वळसा घालून जातात, आणि तेथेच दोऱ्याचे माप मोडते.

वारा कोणाच्या बाजूने

त्यानंतर येतो वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे हवेची एक नदीच वाहत असते. तिला जेट प्रवाह म्हणतात. या नदीचा वेग तासाला दीड-दोनशे किलोमीटर सहज असतो आणि हिवाळ्यात कधी कधी तीनशेच्याही वर जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात फुगे सोडून हा प्रवाह मोजला होता. पण जगभर सर्वांना वाचता यावा म्हणून त्याने आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला. ती भाषा येणारे जगात होते किती! दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना या वाऱ्याने तडाखे दिले, तेव्हा कोठे इतरांचे लक्ष तिकडे गेले.

वाऱ्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. विमानाचा स्वतःचा वेग तासाला ९०० किलोमीटर आणि अंतर १२,००० धरू. वारा नसेल तर एका फेरीला १३ तास २० मिनिटे, जाऊन-येऊन २६ तास ४० मिनिटे. आता १०० किलोमीटर वेगाचा वारा जाताना पाठीशी आणि येताना समोरून आहे असे समजा. जाताना वेग होतो १,०००, म्हणून १२ तास. येताना ८००, म्हणून १५ तास. बेरीज २७ तास. जाताना मिळवले ते येताना पुरते फिटत नाही, वर वीस मिनिटांचा भुर्दंड बसतो. कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून राहतो.

पाठीशी वारा असला की काय होते हे फेब्रुवारी २०२० मध्ये दिसले. ‘सियारा’ वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचे एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी याच प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात. इंजिनांनी वेगळा पराक्रम केला नव्हता, सारी करामत पाठीमागच्या वाऱ्याची.

एअर इंडियाने हाच वारा उलट्या दिशेने कामी लावला. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ही विनाथांबा सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा विमान पश्चिमेकडे, अटलांटिक महासागरावरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये मार्ग बदलला. विमान पूर्वेकडे निघून पॅसिफिकवरून जाऊ लागले. नव्या मार्गाचे अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर होते, म्हणजे जुन्यापेक्षा जवळजवळ १,४०० किलोमीटर जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास, जुन्यापेक्षा दोन तासांच्या आसपास कमी! लांबचा रस्ता लवकर पोहोचवतो हे एसटीच्या प्रवाशाला पटणार नाही, पण आकाशात ते रोज घडते. अंतराच्या दृष्टीने ती तेव्हाची जगातील सर्वांत लांब विनाथांबा सेवा ठरली.

इंधन वाहण्यासाठी इंधन

आपल्या आजोबांच्या पिढीला एवढे अंतर एका दमात कापणे सुचलेही नसते. एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान ‘मलबार प्रिन्सेस’ ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. त्यात ३५ प्रवासी होते. कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत ते साधारण एका दिवसाने पोहोचले. आज तोच प्रवास नऊ-दहा तासांचा आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला एअर इंडियाचे विमान न थांबता जाऊ लागायला मात्र ऑगस्ट २००७ उजाडावा लागला. तोपर्यंत वाटेत युरोपात उतरणे ठरलेलेच असे.

अडचण इंधनाची. या लांब मार्गांवर एअर इंडियाने वापरलेले बोइंग ७७७-२०० एलआर विमान पूर्ण भरून निघते तेव्हा त्याचे वजन सुमारे ३४७ टन असू शकते. त्यातले १४५ टनांपर्यंत केवळ इंधन, म्हणजे १ लाख ८० हजार लिटरच्या वर. हे वजन पेलायलाही इंधन जळतेच. तेराव्या-चौदाव्या तासाला लागणारे इंधन पहिल्या तासापासून पाठीवर घेऊन उडावे लागते. म्हणून सोळा तासांचा प्रवास आठ तासांच्या दोन प्रवासांपेक्षा कंपनीला महाग पडतो, आणि समोरचा वारा अंदाजापेक्षा जोराचा निघाला की काही जागा रिकाम्या ठेवण्याची किंवा सामान मागे ठेवण्याची वेळ येते. आपली बॅग ‘उद्याच्या विमानाने येईल’ असे ऐकावे लागते त्यामागे प्रत्येक वेळी गलथानपणाच असतो असे नाही. (कधी कधी असतोच, ते वेगळे.)

माणसांचेही तसेच. एवढ्या लांबच्या विमानात सहसा चार वैमानिक असतात आणि ते आळीपाळीने झोपतात. प्रवाशांच्या डोक्यावर, छताच्या वर, वैमानिक आणि हवाई सुंदरींसाठी झोपायची छोटी जागा असते. बहुतेक प्रवाशांना तिचा पत्ताही नसतो.

ध्रुवावरून येताना

९ जानेवारी २०२१ च्या रात्री एअर इंडियाचे पहिले सॅन फ्रान्सिस्को-बंगळूर विमान निघाले. कॅप्टन झोया अग्रवाल, कॅप्टन तन्मयी पापागरी, कॅप्टन आकांक्षा सोनावरे आणि कॅप्टन शिवानी मनहास अशा चौघी जणी ते चालवत होत्या. विमान उत्तर ध्रुवावरून आले. सुमारे १६,००० किलोमीटर आणि जवळजवळ १७ तासांनंतर ते ११ जानेवारीच्या पहाटे बंगळूरला उतरले. ९ तारखेला रात्री बसलेल्या प्रवाशांच्या आयुष्यातला १० जानेवारी हा दिवस आकाशातच उगवला आणि आकाशातच संपला.

ध्रुवावरून जाणे म्हणजे सोयीचा आडरस्ता धरणे नव्हे. तेथे चुंबकीय होकायंत्रावर विसंबता येत नाही. बाहेरचे तापमान उणे साठ अंशांच्या खाली जाऊ शकते. अमेरिकेत विमानात भरले जाणारे नेहमीचे इंधन उणे चाळीस अंशांना गोठू लागते, इतर बहुतेक देशांतले उणे सत्तेचाळीसला. म्हणून टाक्यांतील इंधन किती थंड झाले यावर वैमानिकांना सतत नजर ठेवावी लागते. ते फारच थंड होऊ लागले तर विमान खाली, थोड्या उबदार हवेत आणावे लागते किंवा वेग वाढवावा लागतो. ध्रुवीय मार्गासाठी अमेरिकी नियमांनुसार विमानात कडाक्याच्या थंडीत घालायचे किमान दोन पोशाख ठेवावे लागतात. ते प्रवाशांसाठी नसतात. कोठे बर्फात उतरायची वेळ आली तर बाहेर पडून काम करणाऱ्यांसाठी असतात.

आणि उतरायची वेळ येते. दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडले तरी ठराविक वेळात गाठता येईल असा विमानतळ सतत टप्प्यात ठेवावा लागतो. सुरुवातीला ही मर्यादा एक तासाची होती. विमाने भरवशाची ठरत गेली तशी ती दोन तास, तीन तास अशी वाढत गेली. म्हणूनच महासागर आणि ध्रुव ओलांडणे दोन इंजिनांच्या विमानांना शक्य झाले. पण टप्प्यातला विमानतळ म्हणजे सोयींचा विमानतळ असे नव्हे. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानाच्या एका इंजिनात बिघाड झाला आणि ते रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान येथे सुखरूप उतरवण्यात आले. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी, आणि गाव एवढेसे. हॉटेलांत सर्वांची सोय होईना, तेव्हा अनेकांना वसतिगृहात, शाळेच्या इमारतीत जमिनीवर गाद्या टाकून झोपावे लागले. भाषा कळेना, जेवण वेगळे, आणि त्यांत वयस्कर माणसे आणि लहान मुलेही. मुंबईहून पाठवलेल्या दुसऱ्या विमानाने ते ८ जूनला सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. सोळा तासांचा प्रवास दोन दिवसांवर गेला होता.

शरीराचे घड्याळ

अशा प्रवासाला निघणाऱ्यांत आता आई-वडिलांची, आजी-आजोबांची संख्या मोठी असते. सुनेचे बाळंतपण, नातवाची मुंज, मुलीचे नवे घर अशी कारणे. पुण्याच्या किंवा नागपूरच्या घरातून निघाल्यापासून मोजले तर प्रवास दीड दिवसाचा होतो. विमानातली हवा वाळवंटासारखी कोरडी असते आणि तिचा दाब साधारण सिमल्याच्या उंचीवर असावा तेवढा. एरवी धडधाकट माणसाला काही जाणवत नाही. हृदयाचे किंवा फुप्फुसाचे दुखणे असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढावे.

तासन् तास एका जागी बसल्याने पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो. चार तासांहून लांबच्या प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालात म्हटले आहे. दुप्पट म्हणजे घाबरून जाण्याइतका नव्हे, सहा हजारांत एकाला. त्यावरचे उपाय बिनपैशाचे आहेत. दर तास-दीड तासाने उठून फेरी मारावी, बसल्या बसल्या पावले वर-खाली करावीत, पाणी पीत राहावे. ‘सारखे उठून शेजाऱ्याला त्रास कशाला’ म्हणून पाणीच न पिणाऱ्या आजी अनेक असतात. त्यांच्यासाठी कडेची जागा आधीच मागून घ्यावी. औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, सामानात नव्हे. मगादानला ज्यांची औषधे विमानाच्या पोटात राहिली असतील त्यांचे काय झाले असेल याचा विचार करावा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायचे हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

आकाशाला कुंपण

वारा, डोंगर, थंडी यांच्याशी माणसाने जमवून घेतले. जमत नाही ते माणसाशीच. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाचे आकाश बहुतेक परक्या विमानांना बंद होते. युरोपातून जपानला जाणारी विमाने अलास्कातील अँकरेजला थांबून, ध्रुवाजवळून वळसा घेत जात. १ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सेऊलला निघालेले कोरियन एअर लाइन्सचे विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे गेली. आपल्या हातातल्या फोनवर आज रस्ता दाखवणारी उपग्रह यंत्रणा सर्वसामान्यांना खुली करण्याची घोषणा अमेरिकेने या दुर्घटनेनंतर केली.

पुढे ते आकाश खुले झाले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने युरोप-अमेरिकेच्या विमानांना पुन्हा बंद झाले. हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. फिनएअरने मग प्रवाशांना उत्तर ध्रुव ओलांडल्याची प्रमाणपत्रे वाटली. त्रासाचा सोहळा करावा तो असा! भारतीय विमानांना रशियाची वाट मोकळी राहिली. मगादानला उतरावे लागले ते त्यामुळेच.

आपल्याला झळ बसली ती शेजारच्या कुंपणाची. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते १६ जुलैला उघडले. २ जुलैपर्यंतच एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. इंडिगोच्या दिल्ली-इस्तंबूल विमानाला मधेच दोहा येथे इंधनासाठी उतरावे लागे. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी हे आकाश भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले आणि मुदत महिन्यामागून महिना वाढत गेली. दिल्लीहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला आधी नैर्ऋत्येला अरबी समुद्राकडे उतरायचे आणि मग आखातावरून वर चढायचे असा उलटा फेरा पडला. दोऱ्याचे माप तेच, पण इंधन पुरेना. वॉशिंग्टनच्या विमानाला व्हिएन्नात थांबावे लागू लागले. प्रवाशांना बहुधा खाली उतरू देत नसत. टाकी भरेपर्यंत खुर्चीतच बसून राहायचे.

१ सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवाच थांबवली. दुरुस्ती-नूतनीकरणासाठी काही विमाने काढून घ्यावी लागली हे एक कारण आणि लांबलेली वाट हे दुसरे. ज्यांची तिकिटे आधीच काढलेली होती त्यांना पैसे परत घ्या किंवा न्यूयॉर्क, नेवार्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को यांपैकी कोठे तरी उतरून दुसऱ्या कंपनीच्या विमानाने पुढे जा, असा पर्याय देण्यात आला. मुलाकडे एकट्याने निघालेल्या आजींना आता एका अनोळखी विमानतळावर सामान उचलून पुन्हा चढवावे लागणार होते. तिकिटावर ही मधली वेळ तीन तास दाखवलेली असेल, तर इमिग्रेशनच्या रांगेत त्यातले दोन कसे जातात हे त्या वाटेने गेलेल्यांना विचारून घ्यावे, आणि शक्य तेथे व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवून टाकावी.